दात्याचं यकृत आता जास्त वेळ टिकतं, ते कसं?

 

मागे आम्ही अवयवदानावर बोललो होतो, तेव्हा गटाच्या बैठकीत एक प्रश्न आला. एका मावशींनी विचारलं, "एकाचं लिव्हर काढतात आणि दुसऱ्याला बसवतात म्हणता, मग मधल्या वेळेत ते ठेवतात कुठं? फ्रीजमध्ये?" बायका हसल्या. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. गेली पंचवीस-तीस वर्षं जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत याच एका प्रश्नावर लोक काम करत आहेत. त्याचं उत्तर बदलत चाललंय, आणि त्या उत्तराचा आपल्या बायकांशी जवळचा संबंध आहे. तो कसा ते पुढे येईलच.

आधी अवयवाची ओळख. यकृत म्हणजे लिव्हर. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की जे मिळतं, ते हेच. आपण बोलताना काळीज म्हणून हृदयाकडे हात नेतो, पण ते असतं उजव्या बाजूला, फासळ्यांच्या आत. मोठ्या माणसात त्याचं वजन सव्वा ते दीड किलो भरतं. मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त त्यातून जातं. आतड्यांतून आलेलं अन्नरस भरलेलं रक्त आधी इथं येतं, इथं त्याची छाननी होते. साखर साठवायची, पित्त बनवायचं, रक्त गोठायला लागणारे पदार्थ बनवायचे, औषधाचं आणि दारूचं विष मोडायचं, अशी सगळी कामं त्याच्याकडे. मूत्रपिंड निकामी झालं तर डायलिसिसवर माणूस वर्षानुवर्षं काढतो. यकृताला असं वर्षानुवर्षं चालवणारं पर्यायी यंत्र नाही. ते पूर्ण निकामी झालं की दुसरं यकृत मिळालं तर माणूस वाचतो, नाही तर नाही.

माणसात यकृत बदलण्याचा पहिला प्रयत्न अमेरिकेत डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली केला. तो फसला. १९६७ मध्ये त्यांनाच पहिलं खरं यश आलं. आपल्या देशात यश यायला १९९८ साल उजाडलं. पण शस्त्रक्रिया जमली तरी वेळेची अडचण उरलीच. अवयव शरीराबाहेर काढला की त्याचं घड्याळ सुरू होतं.

असं का होतं, ते नीट समजून घेऊ. म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

यकृताच्या प्रत्येक पेशीला जगायला प्राणवायू आणि साखर लागते. रक्त थांबलं की दोन्ही बंद. पण पेशीचं काम लगेच थांबत नाही, ती शिल्लक इंधन जाळत राहते. ते संपलं की पेशीच्या भिंतीतले पंप बंद पडतात. मग पाणी आत शिरायला लागतं आणि पेशी फुगते. मटकी भिजत घातली की टम्म फुगते ना, तसंच.

यावर पहिला उपाय म्हणजे थंडी. आपण दूध तापवायचं राहिलं तर फ्रीजमध्ये ढकलतो, तसंच. यकृत चार अंशांपर्यंत थंड केलं की पेशींची इंधनाची भूक शरीरातल्या भुकेच्या साधारण दहावा हिस्सा उरते. म्हणून आतलं रक्त थंड द्रावानं धुऊन काढायचं, यकृत त्याच द्रावाच्या पिशवीत ठेवायचं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि सगळं बर्फाच्या डब्यात. तर मावशी, तुमचं उत्तर बरंचसं बरोबरच होतं. जगातल्या बहुतेक यकृतांचा प्रवास आजही अशा बर्फाच्या डब्यातूनच होतो.

मात्र फक्त गारवा पुरत नाही. तो द्राव कसला, याला फार महत्त्व आहे. साध्या मिठाच्या पाण्यात ठेवलं तर थंडीतही पेशी फुगतात. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउथर्ड या दोघांनी एक द्राव बनवला. पेशीच्या आत शिरू शकत नाहीत असे मोठे रेणू त्यांनी त्यात घातले. ते बाहेर राहून पाणी धरून ठेवतात, म्हणून पेशी फुगत नाही. आपण मोरावळ्यात साखर घालतो तेव्हा साखर आवळ्यातलं पाणी बाहेर ओढते, त्यातलीच ही गोष्ट. गंमत म्हणजे त्या द्रावातली एक साखर रॅफिनोज नावाची आहे. राजमा-हरभऱ्यात असते तीच, जी खाल्ली की पोटात वायू धरतो! या द्रावाच्या आधी यकृत सहा-आठ तासांत बसवावंच लागायचं. द्राव आल्यावर वेळ वाढला. तरी आजही डॉक्टर आठ ते बारा तासांच्या आतच बसवायला बघतात. यकृत जितकं म्हातारं, जितकं चरबीचं, तितकी ही मुदत कमी.

आता त्या डब्यातली खरी अडचण ऐका, कारण नवी पद्धत तिथूनच निघाली.

थंडीत पेशीचं काम मंद होतं, बंद होत नाही. प्राणवायू नसताना जे अर्धवट जळतं त्याचा कचरा पेशीत साठत जातो. सक्सिनेट नावाचा एक पदार्थ त्यात मुख्य. मग नव्या शरीरात यकृत बसवलं, शिरा जोडल्या, चिमटे सोडले की एकदम गरम, प्राणवायूनं भरलेलं रक्त आत घुसतं. साठलेला कचरा एकाच वेळी भडकतो आणि नेमकी त्याच क्षणी पेशींची सगळ्यात जास्त नासधूस होते. आपल्या शेतकरी बायकांना हे वेगळं सांगायला नको. लाइट जाते तेव्हा मोटार जळत नाही. लाइट परत येते, दाब वर-खाली होतो, तेव्हा जळते.

यकृतात सगळ्यात नाजूक असतात पित्ताच्या नळ्या. त्यांचं नुकसान लगेच दिसत नाही. माणूस बरा होऊन घरी जातो आणि काही महिन्यांनी नळ्या आक्रसतात, कावीळ होते, ताप येतो, पुन्हा दवाखाना. काहींना तर दुसरं यकृत लागतं.

आणि डब्याची दुसरी अडचण अशी की झाकण लावलं की आत काय चाललंय ते कळत नाही. यकृत नव्या शरीरात काम करील की नाही, हे बसवल्यावरच समजणार. म्हणून जरा शंका आली की डॉक्टर ते यकृत नको म्हणतात. त्यांची चूक नाही. समोरच्या माणसाचा जीव पणाला लावून अंदाज कोण करणार? पण त्यामुळे कुणाच्या तरी घरच्यांनी काळजावर दगड ठेवून दिलेलं दान वाया जातं.

नवी पद्धत म्हणजे यकृताला डब्यात झोपवून ठेवण्याऐवजी मशीनवर जागं ठेवायचं.

ही कल्पना तशी जुनी. बेल्झर यांनीच १९६०च्या दशकात मूत्रपिंडासाठी असं यंत्र केलं होतं. पण बर्फाचा डबा स्वस्त, हलका आणि सोपा, त्यामुळे सगळं जग डब्यावर गेलं. यकृताचं यंत्र करायला इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठात शल्यचिकित्सक पीटर फ्रेंड आणि अभियंते कॉन्स्टंटिन कुसिओस यांनी बरीच वर्षं घातली. २०१३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांच्या यंत्रावर ठेवलेलं यकृत पहिल्यांदा माणसाला बसवलं गेलं.

हे यंत्र काय करतं? यकृताला रक्त दोन वाटांनी येतं, एक धमनी आणि एक आतड्यांकडून येणारी मोठी शीर. यंत्राच्या नळ्या या दोन्हींना जोडतात. पंप रक्त फिरवतो. रक्त कुठलं? रक्तपेढीतल्या, कुणीतरी दान केलेल्या तांबड्या पेशी. म्हणजे आपण गावच्या शिबिरात देतो तसल्या रक्तदानाचा उपयोग इथेही होतो. त्या रक्ताला सदतीस अंश उष्णता, म्हणजे आपल्या अंगाइतकी. प्राणवायू मिळतो. साखर मिळते, इन्सुलिन मिळतं, रक्त गोठू नये म्हणून औषध मिळतं. आणि यकृत काम करायला लागतं. रंग उजळतो, नळीतून पित्त यायला लागतं. शरीर नाही, माणूस नाही, आणि पेटीत यकृत मात्र हिरवट-पिवळं पित्त तयार करतंय. आम्ही पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आमच्या अंगावर काटा आला होता.

असं यकृत चोवीस तासांपर्यंत ठेवता येतं. पण आम्हाला विचाराल तर वेळेपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच. ती म्हणजे तपासणी. डॉक्टर त्या रक्ताचे थेंब काढून बघतात. लॅक्टेट नावाचं आम्ल यकृत साफ करतंय का, साखर वापरतंय का, पित्त कसं येतंय. लग्नाआधी स्थळाची चौकशी करतो, तशी बसवण्याआधी यकृताची चौकशी करता येते. डब्यात हे शक्यच नव्हतं.

युरोपातल्या सात केंद्रांनी मिळून याची परीक्षा घेतली. २२० प्रत्यारोपणं झाली, काही यकृतं बर्फात, काही मशीनवर. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, म्हणजे कुणाची निवड नको. निकाल २०१८ मध्ये छापून आला. मशीनवरच्या यकृतांचं नुकसान, रक्तातल्या तपासणीनं मोजलं तर, निम्मं. नाकारली गेलेली यकृतंही निम्मी. आणि हे कधी, तर मशीनवरची यकृतं सरासरीनं दीडपटीहून जास्त वेळ बाहेर राहिली होती तेव्हा. मात्र एक गोष्ट आम्ही झाकून ठेवणार नाही. वर्षभरानंतर किती रुग्ण जिवंत होते, यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. पित्तनळ्यांच्या त्रासातही नाही. म्हणजे मशीन लावलं की सगळं गोड झालं, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. फायदा आहे तो जास्त यकृतं वापरता येण्याचा.

तो फायदा किती, हे बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी दाखवलं. ब्रिटनमधल्या सगळ्या केंद्रांनी "नको" म्हटलेली ३१ यकृतं त्यांनी घेतली. टाकूनच द्यायची होती. ती मशीनवर ठेवून किमान चार तास पारखली. त्यातली २२ पास झाली आणि २२ माणसांना बसवली. तीन महिन्यांनी ते २२ही जण जिवंत होते. हा अहवाल २०२०चा. त्यातल्या चौघांना पुढे पित्तनळ्यांच्या त्रासामुळे दुसरं यकृत लागलं, हेही त्यातच लिहिलंय. तरीसुद्धा विचार करा, कचऱ्यात जाणाऱ्या २२ यकृतांनी २२ घरांतला माणूस परत आणला.

पित्तनळ्यांचं कोडं सोडवायला दुसरी वाट सापडली, आणि ती स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या आणि नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी धरली. त्यांनी गरम रक्त वापरलंच नाही. यकृत बर्फाच्या डब्यातूनच रुग्णालयात येऊ द्यायचं. मग बसवण्याआधी दोन तास त्यातून दहा-बारा अंशांचा थंडगार द्राव फिरवायचा, पण त्यात भरपूर प्राणवायू. थंडीत पेशींचं काम हळू चालतं, त्यामुळे साठलेला कचरा हळूहळू निघतो, एकदम भडकत नाही. मोटारीचंच उदाहरण घ्यायचं तर एकदम पूर्ण दाब देण्याऐवजी आधी बेताचा दाब देऊन फिरवून घेतलं. २०२१ मध्ये याच्या परीक्षेचा निकाल आला. १५६ रुग्ण होते आणि यकृतं होती हृदय बंद पडून गेलेल्या दात्यांची, म्हणजे सगळ्यात जोखमीची. नुसत्या बर्फातल्या यकृतांपैकी शंभरात १८ जणांच्या पित्तनळ्या आक्रसल्या. दोन तास थंड प्राणवायू दिलेल्यांत शंभरात ६. फक्त दोन तासांत एवढा फरक. आम्हाला ही पद्धत फार आवडते, कारण ती साधी आहे. रक्त नको, रात्रभर जागरण नको.

झुरिकच्याच लोकांनी आणखी एक धाडस केलं. डॉ. पिएर-अलें क्लावियें यांच्या गटानं अभियंत्यांना बरोबर घेऊन असं यंत्र बांधलं की यकृत तासांऐवजी दिवस टिकावं. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की कुणीच वापरायला तयार नव्हतं अशा दहा यकृतांपैकी सहा यंत्रावर आठवडाभर राहून चांगली कामाला लागली. यात किती बारीक बारीक गोष्टी होत्या बघा. शरीरात साखर वाढली की इन्सुलिन येतं, कमी झाली की ग्लुकॅगॉन येतं, तसं यंत्रच दोन्ही सोडतं. रक्त खराब होऊ नये म्हणून डायलिसिस जोडलेलं. आणि यकृत एकाच बाजूवर पडून राहिलं तर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाठीला जखमा होतात तसं त्याचंही होतं. म्हणून आपण श्वास घेताना पोटातला पडदा जसा वर-खाली होतो, तशी ते यंत्र यकृताला हालचाल देतं. म्हाताऱ्या सासूची कूस बदलून देणाऱ्या बायकांना याचं मोल लगेच कळेल.

मे २०२१ मध्ये तिथं तीन दिवस यंत्रावर राहिलेलं यकृत एका कर्करोग झालेल्या माणसाला बसवलं. त्या यकृतात एक संशयास्पद गाठ होती, म्हणून बाकी सगळ्यांनी ते नाकारलं होतं. तीन दिवस मिळाल्यामुळे गाठीची नीट तपासणी झाली, जंतुसंसर्गावर औषध देता आलं. तो माणूस बारा दिवसांत घरी गेला आणि वर्षानंतर ठणठणीत असल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. उद्या अशाच यंत्रावर यकृतातली चरबी उतरवता येईल का, यावरही काम चालू आहे. आज चरबीची यकृतं फार वाया जातात, आणि फॅटी लिव्हर तर आता आपल्या गावातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवरही सर्रास दिसतं.

तिसरी वाट उलट्या दिशेनं, आणखी थंड करण्याची. शून्याच्या खाली. पण पाण्याचा बर्फ झाला की त्याचे टोकदार कण पेशी फोडतात. कोथिंबीर फ्रीजरमध्ये राहिली आणि बाहेर काढल्यावर लगदा झाला, असं प्रत्येकीचं झालंय. बर्फ न होऊ देता शून्याखाली कसं न्यायचं? उत्तर अमेरिकेत एक बेडूक आहे, तो हिवाळ्यात जवळपास गोठून पडतो आणि वसंतात पुन्हा उड्या मारतो. त्याच्या शरीरात साखर भरते, ती पेशींना सांभाळते. त्यापासून शिकून बोस्टनमधल्या मॅसेच्युसेट्स जनरल रुग्णालयाच्या शास्त्रज्ञांनी यकृतात साखरेसारखे रक्षक पदार्थ भरले, पिशवीतली हवा काढून टाकली, कारण हवेला लागलेल्या पृष्ठभागावर बर्फ धरायला सुरुवात होते, आणि २०१९ मध्ये माणसाचं यकृत उणे चार अंशांवर २७ तास बर्फ न होता टिकवून दाखवलं. ते अजून कुणाला बसवलेलं नाही, प्रयोग प्रयोगशाळेतलाच. मिनेसोटात तर उंदराचं मूत्रपिंड काचेसारखं गोठवून शंभर दिवस ठेवलं आणि पुन्हा उंदराला बसवलं, हे २०२३चं. पण उंदराचं मूत्रपिंड केवढं आणि माणसाचं यकृत केवढं. त्याला वेळ आहे.

आता आपल्याकडे या.

आपल्या देशातली बहुतेक यकृत प्रत्यारोपणं जिवंत माणसाच्या यकृताचा भाग काढून होतात. यकृताचा गुण असा की अर्ध्याहून जास्त भाग काढला तरी काही महिन्यांत ते वाढून भरून येतं. दोन्ही शस्त्रक्रिया एकाच रुग्णालयात शेजारी शेजारी चालतात, तिथं मशीनचं फारसं काम पडत नाही. मशीनचं काम मृत्यूनंतरच्या दानात. आणि तिथंच आपण मागे. आपल्याकडे दहा लाख लोकांमागे मृत्यूनंतर अवयव देणारा एकही भरत नाही. स्पेनमध्ये दहा लाखांमागे चाळीसच्या वर.

मग जिवंतपणी देतं कोण? देशभराचे आकडे बघितले तर अवयव देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरी असंच झालं. नवऱ्याचं यकृत दारूनं गेलं होतं. घरातल्यांनी एका संध्याकाळी ठरवून टाकलं, ही देईल. दीर होते, भाऊ होते, त्यांच्या रक्तगटाची चौकशीसुद्धा कुणी केली नाही. "बायकोच आहे ना," एवढंच. ताईंना दोन लहान मुली. त्या आम्हाला म्हणाल्या, "द्यायला माझी ना नाही, पण मला कुणी विचारलंच नाही." पुढे तपासणीत त्यांचंच यकृत चरबीचं निघालं आणि विषय तिथं थांबला. नवरा यादीत नाव असतानाच गेला.

जिवंत दात्याची शस्त्रक्रिया आता बरीच सुरक्षित झाली आहे, पण धोका शून्य नाही. हजार दात्यांमागे दोन ते पाच जणांचा जीव जातो, असा आकडा जगभरात धरतात. प्रेमानं, समजून-उमजून दिलं तर त्यासारखं दान नाही. मात्र कायदा काय म्हणतो ते प्रत्येकीला माहीत हवं. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा आहे, आणि २०१४च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की दाता स्त्री असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती, अवयव घेणाऱ्या व्यक्तीशिवाय दुसऱ्या कुणीतरी खात्री करून घ्यायची. म्हणजे नवऱ्यानं "ती तयार आहे" म्हणून चालत नाही. सून तर कायद्यानं जवळच्या नातेवाइकांत येतच नाही. तिनं सासू-सासऱ्यांना द्यायचं असेल तर मंजुरी समितीपुढे जावं लागतं. तिथं एकटीशी बोलतात. तिथं "नाही" म्हणता येतं.

आता कळलं असेल, ऑक्सफर्डच्या पेटीचा आणि आपल्या स्वयंपाकघराचा संबंध काय. मृत्यूनंतर मिळालेलं एकेक यकृत वाया न जाता वापरलं गेलं, तर तेवढ्या बायकांना ऑपरेशनच्या टेबलावर चढावं लागणार नाही. मशीन महाग आहे. त्याचा नळ्यांचा संच प्रत्येक यकृताला नवा लागतो, तोही महाग, आणि ते चालवणारी शिकलेली माणसं लागतात. पण मशीन आलं आणि दानच नसेल तर मशीन काय करणार? आज नागपूर, पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्या यादीप्रमाणे अवयव वाटून देतात, पोलीस रस्ता मोकळा करतात, त्याला ग्रीन कॉरिडॉर म्हणतात. ही धावपळ बर्फाच्या डब्याच्या घड्याळामुळेच असते.

भाषण झाल्यावर आलेल्या फोनमधले दोन-तीन प्रश्न इथे देतो.

एका ताईंनी विचारलं, "पेटीत लिव्हर जिवंत राहतं, मग माणूस मेला होता हे कशावरून?" प्रश्न अगदी रास्त. अवयव जिवंत असणं आणि माणूस जिवंत असणं या दोन गोष्टी वेगळ्या. मेंदूचा बुंधा कायमचा बंद पडला की माणूस स्वतः श्वास घेऊ शकत नाही. व्हेंटिलेटरच्या हवेवर हृदय काही काळ चालतं, म्हणून अंग गरम लागतं. पण तो परत येत नाही. हे ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ असतं, तपासणी दोनदा होते, मध्ये किमान सहा तासांचं अंतर. अवयव बसवणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. कोमा वेगळा, कोमातला माणूस उठू शकतो.

दुसरा फोन एका मुलीचा. "मी फॉर्म भरला तर घरच्यांना नाही म्हणता येतं का?" प्रत्यक्षात जवळच्या नातेवाइकांची संमती घेतातच. त्यामुळे फॉर्म भरून कपाटात ठेवू नका, घरात बोलून ठेवा. जेवताना बोला, भांडण झालं तरी चालेल. दानासाठी घरच्यांना पैसे द्यावे लागत नाहीत, आणि कुणी पैसे देऊ केले तर तो गुन्हा आहे.

तिसरा प्रश्न एका आजींचा होता. त्यांचे यजमान घरीच गेले, झोपेत. "आम्ही कळवलं असतं तर त्यांचं लिव्हर कुणाला झालं असतं का?" नाही आजी. घरी हृदय बंद पडल्यावर यकृत फार लवकर खराब होतं. आपल्याकडे ते मुख्यतः रुग्णालयात, मेंदूमृत झालेल्या माणसाचंच घेतात. पण डोळे घेता येतात, घरी येऊन, सहा तासांच्या आत. पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि जवळच्या नेत्रपेढीला फोन करायचा. नेत्रपेढीचा नंबर आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळतो. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवा, हप्त्याच्या तारखांच्या वर.